दुकान बुडाले, वही कुणाची?

पुस्तकाचे परीक्षण आपण करतो, नाटकाचे करतो, नव्या पाठ्यपुस्तकाचे तर हिरिरीने करतो. पण एका मजकुराचे परीक्षण सहसा कुणी करीत नाही, कारण तो कुणी वाचतच नाही. हा मजकूर म्हणजे संकेतस्थळांचे आणि ॲपचे 'गोपनीयता धोरण'. वर्गाची यादी एखाद्या ॲपवर चढवताना शिक्षक 'मला मान्य आहे' या चौकोनात खूण करतात आणि पुढच्या कामाला लागतात. आम्हीही आजवर तेच करीत आलो. या लेखात मात्र त्या मजकुरातल्या एकाच मुद्द्याकडे बारकाईने पाहायचे आहे: कंपनी बुडाली तर तिने जमवलेल्या आपल्या माहितीचे काय होते?

नवे उद्योग, ज्यांना आज सर्रास 'स्टार्टअप' म्हटले जाते, ते मोठ्या संख्येने बंद पडतात. त्यात लाजिरवाणे काही नाही. नवा प्रयोग म्हटला की फसण्याची शक्यता आलीच. पूर्वी गावातले किराणा दुकान बुडाले तर उधारीची वही सावकाराच्या हाती जाई. पण त्या वहीत तांदूळ-तेलाचा हिशोब तेवढा असे. कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाच्या मुलीचे लग्न ठरते आहे, हे दुकानदाराला ठाऊक असले तरी ते त्याच्या डोक्यात असे. त्याचा लिलाव होऊ शकत नसे. संगणकाने हा भेद पुसून टाकला. आता दुकानदाराला जे जे कळते, ते सारे वहीत उतरते. आणि वही ही मालमत्ता आहे.

एका खेळण्यांच्या दुकानाची गोष्ट

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात टॉयस्मार्ट नावाची इंटरनेटवर खेळणी विकणारी कंपनी होती. तिचे बहुसंख्य भाग डिस्ने कंपनीकडे होते. ग्राहकांची नावे, पत्ते आणि आवडीनिवडी तर तिच्याकडे होत्याच, शिवाय मुलांची नावे आणि जन्मतारखाही होत्या. सप्टेंबर १९९९ पासून तिच्या गोपनीयता धोरणात एक निःसंदिग्ध आश्वासन होते: ही माहिती आम्ही कोणाही त्रयस्थाला कधीही देणार नाही.

मे २००० मध्ये कंपनीचा व्यवहार थांबला. जूनमध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल' या दैनिकात तिची मालमत्ता विक्रीस असल्याची जाहिरात आली. त्या मालमत्तेत ग्राहकांच्या याद्याही होत्या. सुमारे अडीच लाख ग्राहकांचा हा प्रश्न होता.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जुलैमध्ये कंपनीवर दावा लावला आणि त्याच महिन्यात तडजोडही केली. यादी सुटी विकायची नाही. त्याच प्रकारचा व्यवसाय करणारा आणि जुनी वचने पाळण्यास तयार असणारा कुणी सगळे संकेतस्थळच विकत घेत असेल, तर त्यालाच ती द्यावी, अशी ती तडजोड होती. आयोगाच्या सदस्यांतही यावर एकमत नव्हते. अनेक राज्यांच्या महाधिवक्त्यांनी आक्षेप घेतला की 'कधीही नाही' म्हणजे कधीही नाही. योग्य गिऱ्हाईक मिळाले म्हणून त्याचा अर्थ बदलत नाही. दिवाळखोरी न्यायालयाच्या न्यायाधीशांनीही, समोर खरेदीदारच नसताना अशा अटी मंजूर करण्यास नकार दिला. शेवटी जानेवारी २००१ मध्ये डिस्नेच्या एका उपकंपनीने ५० हजार डॉलर देऊ केले आणि यादी नष्ट करावी असे ठरले.

शेवट गोड झाला असे वाटते. पण गोडवा कशामुळे आला ते पाहावे. यादी वाचली ती दिलेल्या वचनामुळे नव्हे. जिला आपल्या नावाची काळजी होती आणि खिशात पैसे होते, अशी एक मोठी कंपनी मागे उभी होती म्हणून ती वाचली. असा पाठीराखा नसलेल्या कंपनीच्या ग्राहकांनी कोणाकडे पाहावे?

येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. दिवाळखोरीचा कायदा काही चोरांच्या सोयीसाठी केलेला नाही. बुडालेल्या कंपनीकडे कामगारांचा पगार थकलेला असतो, माल पुरवणाऱ्या छोट्या व्यापाऱ्यांची बिले अडकलेली असतात. जे काही विकता येईल ते विकून या लोकांना त्यांचा वाटा द्यावा, हा त्या कायद्याचा हेतू आहे आणि तो न्याय्य आहे. खुर्च्या विका, संगणक विका, गोदाम विका. तक्रार एवढीच की मुलांच्या जन्मतारखा या खुर्च्यांच्या रांगेत कशा येऊन बसल्या? त्या कंपनीच्या मालकीच्या नव्हत्याच. पालकांनी त्या एका कामासाठी विश्वासाने सांगितल्या होत्या. शेजाऱ्याने गावाला जाताना किल्ली आपल्याकडे ठेवली, म्हणून आपल्या घरावर जप्ती आल्यावर ती किल्ली लिलावात निघत नाही.

धडा कुणी कोणता घेतला?

या प्रकरणातून वचन अधिक पक्के करण्याचा धडा घेता आला असता. उद्योगांनी निराळाच धडा घेतला: वचनच सैल करावे. २००० सालच्या सप्टेंबरात ॲमेझॉनने आपले धोरण बदलले. व्यवसायाचा भाग विकला गेला तर ग्राहकांची माहितीही हस्तांतरित मालमत्तेत मोडेल, असे त्यात स्पष्ट लिहिले. पुढे अशी तरतूद सर्वत्र रूढ झाली. तिला अप्रामाणिक म्हणता येणार नाही. उलट 'कधीही नाही' यापेक्षा ती खरी आहे. पण ती अशा ठिकाणी आणि अशा भाषेत असते की वाचणाऱ्याचे लक्ष जाऊ नये.

कायद्यानेही या सैलपणाला नकळत उत्तेजन दिले. अमेरिकेने २००५ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्यात सुधारणा केली. कंपनीचे धोरण माहिती देण्यास मनाई करीत असेल आणि तरीही ती विकायची असेल, तर ग्राहकांच्या बाजूने पाहणारा एक स्वतंत्र लोकपाल नेमावा, असे ठरले. तरतूद स्वागतार्ह आहे, पण तिचा परिणाम उलटा होतो. ज्याने पक्के वचन दिले त्याची तपासणी होते आणि ज्याने मुळातच वचन दिले नाही तो सहज सुटतो. खोटे बोलू नये हे कायद्याने सांगितले. खरे वचन द्यावे असे मात्र सांगितले नाही.

विद्यार्थ्यांच्या माहितीवरही ही वेळ आलेली आहे. कनेक्टएज्यु ही अमेरिकी कंपनी शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना अभ्यासक्रम आणि पुढील शिक्षणाची निवड करण्यास मदत करीत असे. २०१४ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. माहिती विकण्यापूर्वी विद्यार्थ्यांना कळवू आणि ती पुसण्याची संधी देऊ, असे तिचे धोरण सांगत होते. विक्रीच्या घाईत हे वचन मागे पडू नये म्हणून मे २०१४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनला दिवाळखोरी न्यायालयाकडे पत्र पाठवावे लागले. वचन लेखी असूनही त्याची आठवण तिसऱ्यानेच करून द्यावी लागते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

जी माहिती बदलता येत नाही

पत्ता बदलता येतो, दूरध्वनी क्रमांक बदलता येतो. जनुके बदलता येत नाहीत. २००६ मध्ये स्थापन झालेली ट्वेंटीथ्री अँड मी ही कंपनी ग्राहकांकडून नळीत थुंकी मागवून त्यातील डीएनएची तपासणी करून देत असे. पूर्वज कोण, नातेवाईक कुठे, कोणत्या आजाराचा धोका अधिक, हे ती सांगे. २३ मार्च २०२५ रोजी तिने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा सुमारे दीड कोटी लोकांची माहिती तिच्याकडे होती.

जनुकीय माहिती एकट्याची नसते, हे २०२३ मध्येच दिसून आले होते. इतरत्र चोरीस गेलेले पासवर्ड वापरून चोरट्यांनी या कंपनीची सुमारे १४ हजार खाती उघडली. पण नातेवाईक शोधून देण्याच्या सोयीमुळे ही खाती इतरांशी जोडलेली होती, म्हणून प्रत्यक्षात सुमारे ६९ लाख लोकांची माहिती उघडी पडली. गणिताच्या शिक्षकांनी हा भागाकार फळ्यावर करून दाखवावा: एका खात्यामागे जवळजवळ ४९३ माणसे.

विक्रीची बातमी येताच काही राज्यांच्या महाधिवक्त्यांनी नागरिकांना आपली माहिती पुसून घेण्याचा सल्ला दिला आणि लाखो लोकांनी तशी मागणी केली. रिजेनेरॉन या औषध कंपनीने २५.६ कोटी डॉलरची बोली लावली. त्यावर कंपनीच्याच सहसंस्थापिका ॲन वोजिस्की यांच्या ना-नफा संस्थेने ३०.५ कोटी डॉलर देऊ केले आणि जूनच्या अखेरीस न्यायालयाने ही विक्री मंजूर केली. मधल्या काळात दोन डझनांहून अधिक राज्यांनी विक्रीविरुद्ध न्यायालयात धाव घेतली होती. नव्या मालकाने जुनी धोरणे पाळण्याचे मान्य केले आहे. पण कंपनीच्या धोरणात 'दिवाळखोरी झाल्यास माहिती विकली वा हस्तांतरित होऊ शकते' हे आधीपासूनच होते. मालक कसा मिळाला यावर सारे ठरले.

'आम्ही' म्हणजे कोण?

आता मजकुराचे परीक्षण पुरे करू. 'आम्ही तुमची माहिती जपू' या वाक्याचे व्याकरण पाहा. क्रियापद भविष्यकाळी आहे आणि कर्ता 'आम्ही' आहे. वाक्य लिहिणारा 'आम्ही' आणि उद्या ते पाळणारा 'आम्ही' एकच असेल, असे आपण गृहीत धरतो. कंपनी विकली गेली की मजकुरात एक अक्षरही न बदलता त्या सर्वनामाचा अर्थ बदलतो. सबंध धोरणातला खरा दोष येथे आहे. वचन कंपनीच्या आयुष्याएवढे असते, माहितीचे आयुष्य मात्र त्याहून मोठे असते.

हे आयुष्य का मोठे असते, याला तांत्रिक कारणे आहेत. माहिती एका कपाटात नसते. तिच्या राखीव प्रती निरनिराळ्या ठिकाणी, बहुधा भाड्याच्या संगणकांवर असतात. मूळ प्रत पुसली तरी या प्रती काही काळ उरतात. शिवाय संकेतस्थळाचे नावही भाड्याचेच असते. भाडे थकले की ते नाव कुणीही घेऊ शकतो. टपाल कार्यालयातील पेटी नव्या माणसाला मिळावी आणि जुन्याची पत्रे त्याच्या हाती पडत राहावीत, तसा हा प्रकार आहे. बंद पडलेल्या नवउद्योगाचे नाव विकत घेऊन त्याच्या कर्मचाऱ्यांचे जुने ईमेल पत्ते पुन्हा उभे करता येतात आणि त्यांच्या आधारे इतर सेवांवरील खात्यांत शिरता येते, हे जानेवारी २०२५ मध्ये एका संगणक-सुरक्षा संशोधकाने दाखवून दिले. या सेवांत पगाराची आणि मुलाखतींची माहिती ठेवणाऱ्या सेवाही होत्या. म्हणजे माहिती कुणी विकली नाही तरी ती बेवारस पडून राहू शकते.

आपल्याकडे काय?

हा प्रश्न दूरचा नाही. २०२० च्या टाळेबंदीत शाळा पडद्यावर आल्या आणि मुलांची नावे, जन्मतारखा, पालकांचे दूरध्वनी क्रमांक निरनिराळ्या ॲपवर गेले. त्यांतली किती ॲप आज चालू आहेत, हे आपल्यापैकी कुणी तपासले आहे काय? शिक्षणक्षेत्रातील मोठ्या कंपन्याही अडचणीत येतात. बायजूज चालवणाऱ्या थिंक अँड लर्न कंपनीविरुद्ध जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. तिच्या माहितीचा गैरवापर झाला असे आमचे म्हणणे नाही; इतकी मोठी कंपनीही त्या दारात जाऊ शकते, एवढेच सांगायचे आहे.

भारताने २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरील मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हावीत असे ठरले. १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती, काम संपल्यावर माहिती पुसण्याचे बंधन, पुसण्याची मागणी करण्याचा हक्क, या चांगल्या तरतुदी त्यात आहेत. पण न्यायालयाने किंवा न्यायाधिकरणाने मंजूर केलेल्या विलीनीकरणासाठी वा उद्योगाच्या हस्तांतरणासाठी माहिती हाताळताना यांतील बहुतेक बंधनांतून सूट आहे. माहिती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी तेवढी उरते. ज्या क्षणी संमती पुन्हा विचारायला हवी, नेमक्या त्याच क्षणी ती विचारण्याची सक्ती नाही. ही उणीव आम्हाला गंभीर वाटते. निदान मुलांची माहिती लिलावातून वगळावी आणि पालकांनी नव्याने होकार दिला नाही तर ती पुसावी, एवढे तरी कायद्यात हवे.

कायदा बदलेपर्यंत शिक्षकांच्या हाती एक साधी गोष्ट आहे: कमी देणे. प्रश्नमंजूषेच्या ॲपला मुलाची जन्मतारीख कशाला हवी? नावाऐवजी हजेरी क्रमांक का चालू नये? वर्ष संपल्यावर खाते नुसते विसरून न जाता आतली माहिती पुसून ते बंद करावे. जी माहिती दिलीच नाही, ती कुणाला विकता येत नाही.

आणि एक तास वर्गासाठी. नववी-दहावीच्या मुलांना त्यांच्याच आवडत्या एखाद्या ॲपचे गोपनीयता धोरण छापून द्यावे. 'करू' आणि 'करू शकतो' ही क्रियापदे निरनिराळ्या रंगांनी अधोरेखित करायला सांगावीत. मग कंपनी विकली गेल्यास काय, हे सांगणारे वाक्य शोधायला लावावे. किती मिनिटे लागली ते फळ्यावर लिहावे. भाषेचा, नागरिकशास्त्राचा आणि विज्ञानाचा असा एकत्रित तास फार वेळा मिळत नाही. मुलांना काय सापडले, ते आम्हाला जरूर कळवावे.