घरात नांदणारं चित्र : लिनोकटच्या निमित्ताने

आजचा विषय आहे लिनोकट, आणि त्याच्या निमित्ताने हाताने केलेली कला रोजच्या घरात कशी नांदते हा प्रश्न. शिरूर कासारमध्ये हा विषय कशाला, असं काहींना वाटलं असेल. चित्र विकत आणून भिंतीला लावायची रीत आपल्या भागात फारशी नाही. पण आम्हाला वाटतं, हा प्रश्न विचारायला इथलीच घरं योग्य आहेत. ते का, हे बोलता बोलता स्पष्ट होईल.

आधी वस्तू काय आहे ते बघू. लिनोलियम हे मुळात जमिनीवर अंथरायचं आच्छादन. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टनने 1860 च्या दशकात ते तयार केलं. त्यात मुख्य काय, तर जवसाचं तेल. हवेत धरून घट्ट केलेलं तेल, बुचाचा भुगा, राळ, आणि मागे तागाचं कापड. नावातला ‘लिन’ म्हणजे जवस. छापायची तेलाची शाईही जवसाच्याच तेलात घोटतात. म्हणजे ज्या जवसाची आपण चटणी करतो, त्याच जवसातून कोरायचा ठोकळाही येतो आणि वर लावायची शाईही.

काम सोपं आहे. लिनोचा तुकडा जरा उन्हात ठेवला की मऊ पडतो. उन्हाची आपल्याकडं वाण नाही. मग त्यावर चित्र काढायचं आणि कोरणीनं कोरायचं. जे कोरून काढलं ते कागदावर पांढरं राहतं, जे ठेवलं ते काळं उमटतं. रोलरनं शाई लावायची, वर कागद ठेवायचा आणि मागून चमचा घासायचा. छापखाना लागतोच असं नाही. अडचण एकच, सगळं उलटं उमटतं. अक्षरं आरशात दिसतात तशी कोरावी लागतात. देवनागरीत शिरोरेषा सांभाळून उलटा ‘क’ कोरून बघा, म्हणजे कळेल.

आता ही कला परकी आहे का? तंत्र परकं असेल, क्रिया नाही. पोळ्याला वाटी, पेला नाहीतर बांगडी रंगात बुडवून बैलाच्या अंगावर ठसे उठवतात. लक्ष्मीची पावलं ठशानं काढतात. शाळेत भेंडी आडवी कापून फुलं छापली नाहीत असं मूल विरळा. आणि मराठीत कुंकूसुद्धा ठसठशीत लागतं! त्यामुळं लोकांना ठशाची सवय लावायला हवी, असं कुणी म्हटलं तर आम्हाला पटत नाही. सवय आहेच. प्रश्न वेगळा आहे.

तो असा. छापचित्राचं समर्थन करणारे बहुतेकजण एकच मुद्दा मांडतात. एका ठोकळ्यातून अनेक प्रती निघतात, म्हणून चित्र स्वस्त पडतं, आणि स्वस्त झालं की ते घराघरात जाईल. लंडनमध्ये क्लॉड फ्लाइट नावाच्या चित्रकार-शिक्षकानं 1920 च्या दशकात हेच स्वप्न पाहिलं. सामान्य माणूस बिअरला किंवा सिनेमाच्या तिकिटाला जेवढे पैसे देतो, तेवढ्यात त्याला लिनोकट मिळावं, असं त्याचं म्हणणं होतं. छत्रीच्या काडीची कोरणी करा, असंही तो शिकवायचा. माणूस मनापासून बोलत होता. पुढे झालं काय? त्याच्या आणि त्याच्या विद्यार्थ्यांच्या चित्रांना आज लिलावात लाखो रुपये पडतात. स्वस्त व्हायला निघालेलं चित्र संग्राहकाच्या घरी जाऊन बसलं. तेव्हा स्वस्ताई हे उत्तर पुरेसं नाही, एवढं तरी मान्य करायला हवं.

मग चित्र घरात जातं कसं? दोन लिनोकट शेजारी ठेवून बघू. दोन्ही नंदलाल बोसांची, दोन्ही 1930 सालची. पहिलं सगळ्यांना माहीत असलेलं, हातात काठी घेऊन चालणारे गांधीजी. काळ्या जमिनीवर मोजक्या पांढऱ्या रेघा, आणि तेवढ्यात चालण्याचा सगळा जोर. चित्र म्हणून ते मोठंच आहे. दुसरं काम म्हणजे रवींद्रनाथांच्या ‘सहज पाठ’ या बालवाचनमालेतली चित्रं. साधी, छोटी, अक्षरांच्या सोबतीला उभी असलेली. बंगाली मुलांच्या कित्येक पिढ्या ही चित्रं मांडीवर घेऊन अक्षरं शिकल्या. पहिल्या चित्राला आपण मान देतो. दुसरं चित्र लोकांनी वापरलं. पानं दुमडली, शाई सांडली, धाकट्या भावंडाकडे गेलं. आमच्या मते घरात गेलेलं लिनोकट हे दुसरं. आणि ते घरात गेलं याचं कारण किंमत नव्हे. त्याला घरात एक काम होतं.

आता महाराष्ट्रात या. राजा रविवर्म्यानं 1894 साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचल्या. कलासमीक्षकांनी या चित्रांना बरीच नावं ठेवली आहेत. भडक, नाटकी, यंत्रावर छापलेली. त्यात तथ्य नाही असं नाही. पण एक गोष्ट त्या टीकेतून निसटते. कित्येक घरांत बायकांनी या छापील देवींना जरीची नेसू नेसवली, टिकल्या लावल्या, मोती शिवले, आणि मग काचेत बसवलं. अशा सजवलेल्या तसबिरी जुन्या संग्रहांत आजही बघायला मिळतात. म्हणजे यंत्रातून आलेल्या चित्रावर घरानं आपला हात फिरवला. हस्तकला कुठं आहे, हे विचारताना आपण नेहमी चित्रकाराच्या हाताकडं बघतो. इथं हात घरातल्या बाईचा आहे.

याहून साधं उदाहरण जिवतीच्या कागदाचं. नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, पोरांचा गोतावळा घेतलेल्या जरा-जीवंतिका, आणि बुध-बृहस्पती. श्रावणात अनेक घरांत हा कागद भिंतीला लागतो. छपाई सुमारच असते. पण शुक्रवारी त्याला आघाडा-दुर्वांची माळ पडते, आई लेकरांना ओवाळते, आणि जे लेकरू परगावी आहे त्याच्या नावानं चारी दिशांना अक्षता टाकते. श्रावण सरला की कागद निघतो, पुढच्या वर्षी नवा येतो. त्याला फ्रेम नाही, सही नाही, कुणी तो जपून ठेवत नाही. तरी त्या कागदाइतकं घरात मुरलेलं छापचित्र आम्हाला दुसरं दिसत नाही. त्याला जागा आहे, दिवस आहे, आणि घरच्या माणसाच्या हाताला त्याच्यापाशी करायला काहीतरी आहे.

या तीन कसोट्या घेऊन आजच्या लिनोकटकडं बघितलं तर काय दिसतं? कोपऱ्यात पेन्सिलीनं प्रतीचा आकडा, शेजारी सही, रुंद पांढरी कड, काळी फ्रेम, आणि खाली ‘हँडमेड’ अशी चिठ्ठी. आकडा घालण्यात गैर काही नाही. चित्रकाराला पोट आहे, आणि मोजक्या प्रतींना भाव मिळतो. पण मग तेच चित्र लोकांची कला म्हणून मिरवू नये. शंभर निघू शकतात तिथं दहाच काढायच्या, आणि वर म्हणायचं लोक कला घेत नाहीत, हे काही बरोबर नाही. शिवाय ‘हाताने केलेलं’ या शब्दांत आपण समोरच्याला एवढंच सांगतो की बघ, कौतुक कर. हात लावू नको.

आता अवघड भागाकडं येऊ. चित्तप्रसाद हे बंगालचे चित्रकार. 1946 मध्ये मुंबईत आले आणि त्यापुढची बहुतेक वर्षं अंधेरीत राहिले. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी राबणाऱ्या, रस्त्यावर वाढणाऱ्या मुलांची लिनोकटं कोरली. नाव दिलं, परीकथा नसलेले देवदूत. 1969 मध्ये युनिसेफच्या डेन्मार्कमधल्या समितीनं त्यांचं पुस्तक काढलं. जाड काळे आकार, मुलांचे मोठे डोळे, कुठं दयेची भीक नाही. आमच्या दृष्टीनं भारतीय लिनोकटमधलं हे फार वरच्या प्रतीचं काम आहे.

पण आपण शिरूर तालुक्यात बसलोय. दसरा-दिवाळी झाली की इथल्या कित्येक घरांना कुलूप लागतं. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि त्यांच्यासोबत लेकरं. कारखान्याच्या तळावर पाचटाची कोपी, थोरलं पोर धाकट्याला सांभाळतं, शाळा मागं राहते. चित्तप्रसादांची मुलं आपल्याला पुस्तकात शोधावी लागत नाहीत. आता सांगा, त्या आईनं ते चित्र घरात लावावं का? ती लावणार नाही, आणि तिचं बरोबर आहे. आपलं पोर राबताना तिनं रोज बघितलंय. ते चित्र तिच्याबद्दल आहे, पण तिला उद्देशून नाही. ते बघायला हवं कारखान्याच्या ऑफिसात बसणाऱ्यानं, ज्याच्या चहात साखर पडते त्यानं. हा चित्तप्रसादांचा दोष नव्हे. साक्ष देणारं चित्र एक, सोबत करणारं चित्र दुसरं. दोन्ही लागतात. ‘कला घराघरात’ म्हणणारे हा फरक विसरतात आणि दुसऱ्याचं दुःख तिसऱ्याच्या दिवाणखान्यात टांगून मोकळे होतात.

आणि घर म्हटलं की आपण चार पक्क्या भिंती गृहीत धरतो. वर्षातले पाच-सहा महिने ज्यांचं घर म्हणजे एक ट्रंक, चार भांडी आणि अंथरुणाचं गाठोडं, त्यांच्या घरात चित्र राहणार कुठं? ट्रंकेच्या झाकणाला आतल्या बाजूनं. तिथं देव चिकटवलेले असतात, कधी एखादा फोटो. काचेच्या फ्रेमला तिथं जागा नाही. पण कागदावरच्या छाप्याला आहे, आणि लिनोकट म्हणजे शेवटी कागदच. घडी घाला, खळीनं चिकटवा, फाटला तर नवा काढा, कारण ठोकळा शाबूत आहे. या माध्यमाची खरी ताकद आम्हाला इथं दिसते.

म्हणून आमचं म्हणणं असं. दसऱ्याच्या आधी, गाड्या भरायच्या आधी, शाळेत आठवडाभर हे काम करून बघावं. लिनो मिळालं नाही तर चपलेच्या तळाचं रबरही चालतं. कोरणी मोठ्या मुलांच्याच हातात द्यावी, आणि कोरताना दुसरा हात कायम धारेच्या मागं, हे पहिल्या दिवशी शिकवावं. मुलांनी आपलं नाव उलटं कोरावं. सिंदफणा कोरावी, आपलं दार कोरावं, आपली शेळी कोरावी. अक्षरांचा एक तक्ता सगळ्यांनी मिळून छापावा, एकेकानं एकेक अक्षर. निघताना प्रत्येकाच्या ट्रंकेत एक प्रत जावी, आणि जी मुलं आजी-आजोबांकडं गावातच राहतात, त्यांच्या दाराआड तीच प्रत लागावी. तळावर धाकट्याला सांभाळणारी पोरगी त्या तक्त्यावर बोट ठेवून त्याला ‘क’ दाखवील. त्यानं शाळा भरून निघणार नाही. तसा दावा करणं ही फसवणूक होईल. शाळेची, वसतिगृहाची मागणी ती वेगळी, आणि ती करत राहायलाच हवी. चित्र तिची जागा घेणार नाही.

पण चित्र म्हणून त्या तक्त्याला आम्ही पूर्ण गुण देऊ. रेघ वाकडी असेल, शाई कुठं जास्त लागली असेल, एखाद्यानं ‘ग’ सुलटा कोरला म्हणून तो कागदावर उलटा उमटला असेल. ते तसंच राहू द्यावं. पुढच्या वर्षी पाडव्याला माणसं परत आली, ट्रंक उघडली, आणि तो कागद हळदीच्या डागांनी पिवळा, कडा फाटलेला निघाला, तर समजावं की चित्र वापरलं गेलं. त्याच ठोकळ्याला पुन्हा शाई लावायची आणि नवी प्रत काढायची.

आमचं बोलणं इथं थांबवतो. बाहेरच्या टेबलावर शाई, रोलर आणि दोन कोरलेले ठोकळे ठेवलेत. प्रश्न विचारायचे ते तिथंच विचारा, हात काळे करत करत.