तोफ की अग्निबाण? : ‘चंद्रलोकची सफर’ आणि विज्ञानकथेतील गतीचा प्रश्न

प्रस्तावना :
मराठी विज्ञानसाहित्याच्या इतिहासात ‘केरळ कोकिळ’ मासिकातून १९०० पासून क्रमशः प्रसिद्ध झालेल्या ‘चंद्रलोकची सफर’चा उल्लेख हमखास येतो. ज्यूल व्हर्न यांच्या १८६५ मधील कादंबरीचे हे मराठी रूप. मासिकाचे संपादक कृष्णाजी नारायण आठल्ये (१८५३–१९२६) यांचा जन्म सातारा जिल्ह्यातील टेंभूचा. आपली समीक्षा या लेखनाला ‘आद्य’ हे विशेषण देते व पुढे जाते. यान चालते कसे, हा प्रश्न ती विज्ञान विभागाकडे सोपविते. प्रस्तुत लेखात हा प्रश्न वाङ्मयीनही आहे, हे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

विवेचन :
व्हर्न यांचे यान सुमारे ९०० फूट लांबीच्या तोफेतून सुटते. त्यांनी योजलेला वेग सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर, म्हणजे मुक्तिवेगाच्या जवळपास आहे. हिशेब बरोबर आहे. दोष आहे तो गती देण्याच्या रीतीत. इतक्या कमी अंतरात हा वेग गाठायचा, तर प्रवाशांवर गुरुत्वाच्या वीस हजार पटींहून अधिक भार येईल. धक्का शोषण्यासाठी योजलेला पाण्याचा थर तेथे निरुपयोगी ठरतो.

अग्निबाण मात्र वायू मागे फेकीत क्रमाक्रमाने वेग घेतो. त्सिओल्कोव्हस्की यांनी १९०३ मध्ये या तत्त्वाचे गणित मांडले. २०२३ मध्ये चांद्रयान-३ ने इंजिन पुनःपुन्हा प्रज्वलित करून कक्षा वाढवीत चंद्र गाठला. टेंभूचेच नाव धारण करणारी उपसा सिंचन योजना कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने आटपाडी, खानापूरच्या माळापर्यंत चढविते. चढ एका झेपेत नव्हे, टप्प्यांनी जिंकावा लागतो, हे या भागातील वाचकास वेगळे सांगावयास नको.

या भेदाचा कथानकावर थेट परिणाम होतो. तोफेतून सुटलेल्या माणसाला पुढे निर्णय उरत नाही. त्याचा मार्ग पहिल्या क्षणीच ठरलेला असतो. म्हणूनच यानातील पात्रे बव्हंशी निरीक्षक व वादपटू राहतात. उत्तरार्धात (१८७०) त्यांना कृती करावयाची असते, तेव्हा व्हर्न यांना यानावर बसविलेले अग्निबाणच पेटवावे लागतात. चंद्राकडे ढकलण्यासाठी ते पेटविले जातात आणि यान पृथ्वीवर परतते. लेखकाने तोफ निवडली खरी. पण पात्रांना इच्छास्वातंत्र्य देण्यासाठी त्याला अग्निबाणाचाच आश्रय घ्यावा लागला.

कथा म्हणजे पाठ्यपुस्तक नव्हे, हा आक्षेप मान्य आहे. तथापि, आकडेवारी देऊन वाचकाचा विश्वास संपादणाऱ्या लेखकाची आकडेवारी तपासणे म्हणजे त्याच्या कलाकृतीचे गांभीर्यपूर्वक वाचन करणेच होय.

निष्कर्ष :
विज्ञानकथेत यानाची गती हा नेपथ्याचा भाग नसून कार्यकारणभावाचा कणा आहे. ‘विज्ञान किती आणि साहित्य किती’ ही वाटणी सोडून, विज्ञानाचा नियम पात्रांना कोणते पर्याय ठेवतो, असे विचारल्यास आद्य ठरलेल्या या लेखनाचे खरे मूल्यमापन सुरू होईल. त्यासाठी मराठी व पदार्थविज्ञान या विभागांनी एकाच वर्गात बसणे अगत्याचे आहे.