दोन नोंदी, एक पेइंग गेस्ट : ‘कोबाल्ट ब्लू’ आधी वाचा, मग बघा

संशोधनाच्या तयारीला लागलेल्या मुलांना मी हल्ली कादंबरी वाचायला सांगते, तेव्हा ती गोंधळतात. पण सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ (मौज, 2006) वाचून बघा. निरीक्षण, नोंद आणि निष्कर्ष यांत किती अंतर असतं, हे पद्धतिशास्त्राच्या पेपरपेक्षा इथे लवकर कळतं.

गोष्ट साधी आहे. मराठी मध्यमवर्गीय घरात एक पेइंग गेस्ट येतो. तनय त्याच्या प्रेमात पडतो आणि त्याची बहीण अनुजाही. मग अनुजा त्याच्याबरोबर पळून जाते. पहिला भाग तनयचा, थेट त्या गेलेल्या माणसाशी बोलणारा. दुसरा भाग अनुजाची डायरी. पेइंग गेस्टचं नाव कुठेच नाही.

आता गंमत बघा. समजा, आमच्या मिरजोळ्यात मे महिन्यात एकाच विहिरीची पातळी दोघांनी मोजली आणि आकडे जुळले नाहीत. तुम्ही काय कराल? बहुतेक जण सरासरी काढून मोकळे होतात. खरं तर आधी विचारायला हवं की कोणी कधी मोजलं, काठावर कुठे उभं राहून, दोरी कोणती होती. कुंडलकर सरासरी काढत नाहीत. दोन्ही नोंदी शेजारी ठेवतात आणि गप्प बसतात. तनयचा माणूस आणि अनुजाचा माणूस एकच आहे का, हे आपणच ठरवायचं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, अनुजाचं दुःख सगळ्या घराला दिसतं. त्यावर चर्चा होते, उपाय शोधले जातात. तनयचं दुःख कोणाच्याच नोंदीत नाही. त्याचा भाग फाडून टाकला, तर उरलेल्या पानांवरून तुम्ही बिनधास्त लिहाल की त्याला काही झालंच नव्हतं. पुरावा सापडला नाही आणि घटना घडली नाही, ही दोन वेगळी वाक्यं आहेत. व्हायव्हात यावरच अडकतात लोक.

2022मध्ये नेटफ्लिक्सवर आलेला चित्रपट मला इथे कमी पडलेला वाटतो. पटकथा कुंडलकरांचीच. घर कोचीला गेलं, काळ 1996 झाला, भाषा हिंदी-इंग्रजी. निळा रंग आणि पाणी सुरेख टिपलंय, नीलय मेहेंदळेचा तनय मनात राहतो. पण कॅमेरा बराचसा तनयच्याच बाजूला उभा आहे. अनुजा दिसते, भावाइतकी बोलत नाही. दुसरी नोंदवही जवळजवळ मिटून ठेवलीय.

माध्यमाची मर्यादा म्हणून हे सोडून देऊ नका. झाँ कोक्तोच्या 1929च्या ‘लेझाँफाँ तेरिब्ल’ या बहीण-भावाच्या कादंबरीवर मेलव्हिलने 1950मध्ये चित्रपट केला. त्याचीही पटकथा मूळ लेखकाने लिहिली आणि निवेदनाचा आवाजही त्याचाच. तिथे कथेतली दोन माणसं, एक मुलगा आणि एक मुलगी, एकमेकांसारखी दिसतात. चित्रपटात दोन्ही भूमिका एकाच नटीने केल्यात! जे पुस्तकाला सांगावं लागतं, ते पडद्यावर नुसतं दिसतं. म्हणजे पडद्याकडेही युक्त्या असतात.

जेरी पिंटोंचा इंग्रजी अनुवादही आहे (2013), पण शक्यतो मराठीतूनच वाचा. आणि एक प्रयोग करा : अनुजाचा भाग आधी वाचा, तनयबद्दल काय वाटतं ते अर्ध्या पानात लिहून ठेवा, मगच पहिल्या पानावर या.