नाकारलेले दूध : एका लाटव्हियन कादंबरीविषयी

सोव्हिएत राजवटीत लाटव्हियाच्या रीगा राजधानीतील प्रधानमंदिर उपासनेस बंद करून त्याचे संगीतसभागृह करण्यात आले होते. अशा देशाच्या आजच्या कादंबरीत धर्म शोधावयाचा, तर तो धर्मगुरूंच्या तोंडी सापडेलच असे नाही. नोरा इक्स्टेना यांच्या ‘मातेचे दूध’ (२०१५) या कादंबरीत तो तिच्या नावातच दडलेला आहे.

१९४४ साली जन्मलेली आई व १९६९ साली जन्मलेली मुलगी आळीपाळीने आपली हकीकत सांगतात. दोघींनाही लेखिकेने नाव दिलेले नाही. आई स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. प्रसूतीनंतर ती पाच दिवस नाहीशी होते आणि परतते तेव्हा दूध आटलेले असते. आपली जीवनविन्मुखता दुधावाटे लेकराच्या अंगी उतरू नये, हा तिचा हेतू. आईला तान्ह्या बाळाचा विसर पडेल काय, असे विचारून यशया संदेष्टा (४९:१५) तसे घडू शकते हेही मान्य करतो. ही आई मात्र विसरत नाही; वाचविण्यासाठीच नाकारते. तिला निर्दय ठरविण्याची आपली घाई येथे अडखळते.

लेनिनग्राडमध्ये ती सेराफिमा या अपत्यहीन स्त्रीला मातृत्व लाभवून देते. सेराफिमाला मारहाण करणाऱ्या नवऱ्यावर, एका माजी सैनिकावर, ती हात उगारते. परिणामी संशोधन संपते आणि खेड्यातील दवाखाना नशिबी येतो. इतरांना तारणारी स्वतःला तारू शकत नाही. वधस्तंभाखालील उपहास (मार्क १५:३१) येथे आठवतो. तरीही तिला ख्रिस्ताची प्रतिमा मानणे योग्य होणार नाही. प्रभूने जीवनावर प्रीती करीत प्राण अर्पिला. हिला जीवनच नकोसे झाले आहे.

निराशेचा सारा दोष लेखिका राजवटीच्या माथी मारते, हे कादंबरीचे उणे होय. तिची स्वतःची पात्रेच याविरुद्ध साक्ष देतात. त्याच राजवटीत आजी-आजोबा नातीला मायेने वाढवितात, आणि जिला दूध मिळाले नाही ती मुलगीच पुढे आईला सांभाळते. कृपेचे कार्य दाखवावयाचे असेल, तर ते या मुलीच्या ठायी दाखविता येईल.

आपल्या धर्मग्रामातही एखादी बाळंतीण लेकराकडे पाठ फिरविते. तिच्या घरी आपण बहुधा उपदेश घेऊन जातो. ही कादंबरी वाचलेला धर्मगुरू वा धर्मशिक्षक आधी तिच्याजवळ बसेल, तिला भीती कशाची वाटते ते विचारील, आणि गरज दिसल्यास तिला वैद्याकडेही नेईल.