खांदमळणीचा रंग

ट्रकचा रंग म्हटला की डोळ्यांपुढे येतो तो फाळका. त्यावरचं कमळ, मोर, पिवळ्या अक्षरांतला शेर. आपली रसिकता बहुधा तिथंच थांबते. दिग्रसला एका गॅरेजात बॉडी उतरवलेला जुना ट्रक पाहिला आणि ज्या रंगाकडे कुणीच बघत नाही, तो चासीचा रंग वाचावासा वाटला.

ट्रक टाटा-मर्सिडीजच्या जमान्यातला. टेल्कोने डाइम्लर-बेंझशी १९५४ मध्ये हात मिळवला. १९६९ला करार संपला आणि जाळीवरचा तीन टोकांचा तारा मावळला. त्या काळी ट्रक घ्यायचा म्हणजे बहुधा इंजिनासह चासी घ्यायची आणि लाकडी बॉडी मिस्त्रीकडून बांधून घ्यायची. बॉडी बदलते, केबिन बदलते. मूळची उरते ती चासीच.

मिस्त्री तारेच्या ब्रशने एकेक थर सोडवत होता. सगळ्यात वर काळी माती. कपाशीच्या रानातली ही माती वरून वाळली तरी पोटात ओल धरते. क्रॉस मेंबरच्या कोपऱ्यांत तिची ढेकळं बसलेली. तिच्याखाली जळकं ऑइल, त्याखाली ब्लॅक जपान, मग रेड ऑक्साइड. आणि एका रिव्हेटच्या डोक्याभोवती आणखी जुना, नारिंगीकडे झुकणारा तांबडा. मिस्त्री म्हणाला, "हा त शेंदूर हाय, भाऊ."

ही उपमा नव्हती. वेशीवरच्या मारुतीला तेलात कालवून लावतात तो शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. तोच जवसाच्या तेलात घोटून जगभरच्या लोखंडी पुलांना पहिला हात म्हणून दिला जाई. तेल आणि शिसं मिळून जो थर धरतो, तो गंजाला थोपवतो. मात्र शिसं विषारी. म्हणून मिस्त्रीने ती जागा कोरडी घासली नाही; मास्क लावला, पाणी मारून तो थर सोडवला आणि खरवड वेगळी गोळा केली.

त्यावरच्या रेड ऑक्साइडची गंमत निराळी. त्यातला तांबडा म्हणजे लोखंडाचाच ऑक्साइड, गंजाचा सख्खा भाऊ. गंजाच्या रंगानेच गंज अडवायचा! पण साधा रेड ऑक्साइड पाणी पुरतं रोखत नाही. त्याच्यावर दुसरा रंग चढवला नाही तर दोन पावसाळ्यांत खालून फोड येतात. तो मतला आहे, पूर्ण गझल नव्हे.

मालकाला टिकाऊ रंग हवा होता आणि सल्ले तीन आले. पहिला पावडर कोटिंगचा. दिसायला देखणं, पण त्यासाठी चासी मावेल एवढी भट्टी हवी. शिवाय रिव्हेटने जोडलेल्या दोन पत्र्यांच्या फटीत ते पोचत नाही. एकदा टवका उडाला की पाणी आत शिरतं, वरून सगळं चकचकीत आणि आत पोखरण. दुसरा सल्ला पुन्हा ब्लॅक जपानचा. स्वस्त, काळाभोर, पण डांबराच्या जातीचा, मे महिन्यात मऊ पडणारा आणि डिझेल सांडलं की विरघळणारा. तिसरा, टू-पॅक इपॉक्सी प्रायमरचा. हार्डनर घातला की काही तासांत संपवावा लागतो, पण लोखंडाला असा धरतो की सुटता सुटत नाही. उन्हात तो खडूसारखा पांढुरका पडतो खरा; पण चासीखाली ऊन येतं कुठं?

इथं जुन्या काव्यशास्त्रातला एक शब्द आठवतो: औचित्य. क्षेमेंद्राने त्यालाच काव्याचा प्राण मानलं. भरल्या ट्रकची चासी खड्ड्यागणिक पिळवटते. काचेसारखा कडक थर अशा वेळी तडकतो. म्हणून या रंगाची कसोटी चकाकीची नाही. पकड, थोडी लवचीकता आणि फुटलाच तर साध्या ब्रशने सांधता येणं, ही आहे. इपॉक्सीवर काळ्या पॉलियुरेथेनचे दोन हात, असं अखेर ठरलं.

मला सगळ्यांत भावलं ते मिस्त्रीचं कडांकडे लक्ष. रंग कडेवरून आपसूक मागे सरतो आणि तिथं पातळ राहतो. गंजाची सुरुवातही तिथूनच. म्हणून सगळीकडे हात फिरवण्याआधी त्याने प्रत्येक कड आणि रिव्हेटचं प्रत्येक डोकं लहान ब्रशने वेगळं रंगवलं. चासी नंबरावर मात्र अगदी पातळ हात, उद्या आरटीओत पेन्सिलने छाप घ्यायचा तर आकडे उठायला हवेत. आणि हे सगळं पावसाळा सरल्यावर, कपाशीची वेचणी सुरू झाल्यावर. दमट लोखंडावर चढवलेला रंग गंजालाच पांघरूण घालतो.

पोळ्याला बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावतात, बेगड चिकटवतात; गाव तेच बघतं. पण आदल्या दिवशी खांदमळणी होते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हळद आणि लोणी चोळतात, तेव्हा गोठ्यात घरचीच माणसं असतात. मिस्त्री चासीखाली पाठीवर पडून, कुणाला कधीच दिसणार नाही अशा कोपऱ्यात ब्रश फिरवत होता. फाळक्यावर मोर काढायला पेंटर येणार होता, पण तो नंतर.