दुर्मिळ आहे, पण प्रश्न कुठे आहे?

पीएचडीची पेट निघाली की पुढचं कोडं येतंच: विषय कोणता घेऊ? "आजवर कुणीच घेतला नाही असा" हे उत्तर मला धोक्याचं वाटतं. का, ते एका पुस्तकाच्या निमित्ताने सांगते.

पीटर लॅबेट यांचं 'मिलिटरी स्मॉल आर्म्स अ‍ॅम्युनिशन ऑफ द वर्ल्ड, १९४५-१९८०' हे पुस्तक १९८० चं. महायुद्धानंतरची लष्करी काडतुसं ओळखायची कशी, हा त्याचा विषय. असल्या पुस्तकांची मेहनत मान्यच करायला हवी. काडतुसाच्या बुडावर 'केएफ' दिसलं तर ते खडकीचं, 'ओएफव्ही' दिसलं तर वरणगावचं, हे कळल्याशिवाय इतिहास सुरूच होत नाही. पण संग्राहकाचा प्रश्न "हे कोणतं?" इथेच थांबतो. आपला प्रश्न "हे असं का?" इथून सुरू होतो.

ब्रिटनचं .२८० काडतूस घ्या. प्रायोगिक म्हणून संग्राहक त्याच्यामागे असतात. आधीच्या नमुन्यापेक्षा नंतरच्या '.२८०/३०' चं बूड जरा रुंद आहे. संग्राहकासाठी हा झाला आणखी एक प्रकार. प्रत्यक्षात अमेरिकेचं मन वळवायला ब्रिटनने ते बूड अमेरिकी .३० काडतुसाच्या मापाला जुळवलं होतं. म्हणजे अख्खी वाटाघाट त्या पितळेत उतरली आहे! १९५१ मध्ये ब्रिटनने ईएम-२ रायफलीसोबत हे काडतूस स्वीकारलं. त्याच वर्षी सरकार बदललं, निर्णय फिरला आणि १९५४ मध्ये नेटोने ७.६२ × ५१ ठरवलं. .२८० आज दुर्मिळ आहे, कारण ते हरलं. दुर्मिळपणा हा इथे परिणाम आहे. आपण त्यालाच महत्त्व समजून बसतो.

आता जिंकलेलं काडतूस बघा. भारत नेटोत नव्हता, तरी १९६० च्या दशकात आपणही ७.६२ × ५१ च घेतलं. ईशापूरला त्याच्या रायफली बनल्या. १९६२ च्या युद्धानंतर, १९६४ मध्ये, वरणगावचा कारखाना उभा राहिला. मौद्याहून भंडाऱ्याकडे जाताना जवाहरनगर लागतं. तिथला स्फोटकांचा कारखानाही १९६४ चाच. अलिप्त म्हणवणाऱ्या देशाने नेटोचं माप का घेतलं? ते बनवणारे हात कुठून आले? या काडतुसाला दुर्मिळ कुणी म्हणणार नाही, पण प्रश्न त्यातच भरलेले आहेत.

आणि हो, अभ्यासाच्या नादात जिवंत काडतूस घरी आणू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना लागतो. मापं, आराखडे, सरकारी अहवाल यांवर भरपूर काम होतं.

सिनॉप्सिस आरआरसीपुढे ठेवण्याआधी स्वतःला एकदा विचारा: ही वस्तू ढिगाने मिळत असती, तरी माझा प्रश्न उरला असता का? उरत असेल, तर विषय पक्का. नसेल, तर तुम्ही संशोधन करत नाही आहात, संग्रह करताय.