सोमलाची साक्ष

आपल्या रहस्यकथांतला डॉक्टर प्याला हुंगतो, ‘विष!’ म्हणून ओरडतो आणि पुढच्या प्रकरणात खुनी सापडतो. विष इतके बोलके असते काय? पांढऱ्या सोमलाला तर वासही नसतो. डोरोथी सेयर्स या इंग्रज लेखिकेची ‘स्ट्राँग पॉयझन’ (१९३०) ही कादंबरी मला मोलाची वाटते ती यासाठीच.

तिची नायिका हॅरिएट व्हेन ही स्वतःच रहस्यकथा लिहिणारी. लेखनाच्या अभ्यासासाठी तिने खोट्या नावाने सोमल घेतलेला. इकडे तिचा पूर्वीचा प्रियकर सोमलानेच मरतो. शवात विष सापडते आणि फास तिच्या गळ्याशी येतो. लेखिकेने मर्म अचूक धरले आहे : प्रयोगशाळा ‘काय’ ते सांगते, ‘कोणी’ ते सांगत नाही.

कादंबरीत वापरलेल्या परीक्षेचा इतिहासही वाचनीय आहे. १८३२ साली एका खटल्यात जेम्स मार्श या रसायनज्ञाने सोमल शोधला. पण त्याचा पिवळा साका ज्यूरीपुढे येईपर्यंत बिघडला आणि आरोपी सुटला. त्या हळहळीतून १८३६ साली त्याने नवी रीत प्रसिद्ध केली. नमुन्यात जस्त व आम्ल घालावयाचे आणि निघणारा वायू तापलेल्या काचनळीतून न्यावयाचा; सोमल असेल तर काचेवर काळा, चकचकीत थर धरतो. मात्र जस्तातही सोमल असू शकतो; म्हणून आधी नमुन्याविना प्रयोग करावा लागतो. दुसऱ्यावर आरोप करण्यापूर्वी आपलेच साहित्य तपासावे, ही केवढी सभ्य रीत!

उकल होते ती केस आणि नखे यांवरून. लघवीतून सोमल काही दिवसांत निघून जातो; केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो आणि आपल्याबरोबर विषाची नोंद घेऊन वाढतो. आजची यंत्रे मार्शच्या नळीहून कितीतरी सूक्ष्म अंश मोजतात. तरी तो अंश पोटातून आला की बाहेरून केसाला लागला, हे ठरविणे कठीणच राहते. सेयर्सबाई येथे जरा घाईने पुढे जातात. थोडाथोडा सोमल खाऊन तो अंगी मुरविण्याच्या कल्पनेवर त्यांनी शेवटाचा सारा भार टाकला आहे, तोही मला डळमळीत वाटतो.

तरीही पुस्तक मिटताना समाधान वाटते. ज्या परीक्षेने निरपराध बाईला पिंजऱ्यात उभे केले, तीच अधिक नेटाने केल्यावर तिला सोडविते. आम्हां रहस्यकथाकारांनी एवढे कष्ट घेतले, तर आमचे डॉक्टर प्याले हुंगावयाचे थांबतील.